पहिलं यंत्र फसलं म्हणजे शोध खोटा ठरत नाही

तळेगावला येणारा चिपचा कारखाना सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा याच फेसबुकवर आपण किती भांडलो ते आठवा. वेदांता-फॉक्सकॉन, १ लाख ५४ हजार कोटी, कुणी घालवला, कुणाच्या काळात गेला. मीही भांडलो. माझ्या त्या पोस्टला मिळाले तेवढे लाईक मला नंतर कधी मिळाले नाहीत. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तो करार मोडला. तेव्हा मात्र सगळे गप्प. मीसुद्धा.

आज त्याच विषयावर लिहितोय, पण वेगळ्या टोकाने. कारखाना कुठल्या राज्यात, हा प्रश्न बाजूला ठेवा. चिप बनवताना ती तबकडी धुवायची कशी आणि वाळवायची कशी, यावर नाव कुणाचं, हा प्रश्न घ्या. हसू नका. या धुण्या-वाळवण्यावरून अमेरिकेत कंपन्या आठ वर्षं कोर्टात लढल्या. त्या भांडणातून अपिलात जो निकाल आला, तो आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक खटपट्या मिस्त्रीने ऐकावा असा आहे. आणि प्रत्येक पत्रकारानेही. का, ते शेवटी सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

आधी धुण्याचं बघू.

चिप तयार होते सिलिकॉनच्या पातळ गोल तबकडीवर. तिला वेफर म्हणतात. एक थर चढवायचा, कोरायचा, पुन्हा थर, पुन्हा कोरायचं. प्रत्येक टप्प्याच्या अध्येमध्ये वेफर रसायनात धुवायची, मग पाण्यात खंगाळायची, मग वाळवायची. हे पाणी आपलं नळाचं नव्हे. त्यातले क्षार जवळजवळ सगळे काढून टाकलेले असतात. का? तुमच्या घरी बोअरचं पाणी असेल तर तुम्हाला हे कुणी शिकवायला नको. स्टीलचं ताट धुऊन तसंच ठेवलं की सकाळी त्यावर पांढरे ठिपके दिसतात. पाणी उडून जातं, त्यातलं जे असतं ते मागे बसतं. वेफरवर असा डाग सुईच्या टोकाहून कितीतरी लहान असला तरी त्या जागची चिप कचऱ्यात जाते. पाणी कितीही शुद्ध करा, थेंब जागच्या जागी वाळला की तो सिलिकॉनचाच अंश घेऊन डाग सोडतो. म्हणून थेंब वाळू द्यायचा नाही, तो वेफरवरून काढून न्यायचा. सगळी मेख इथे आहे.

जुनी पद्धत साधी होती. ओळीने उघड्या टाक्या. वेफरची चळत एका टाकीत बुडवायची, उचलायची, दुसरीत बुडवायची. आपल्याकडे कपडे रंगवतात तसं. त्यात अडचण अशी, की प्रत्येक वेळी वेफर पाण्यातून हवेत येते. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे कण जाता-येता तिला चिकटतात.

पेनसिल्व्हेनियातल्या सीएफएम टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने हे उलटं केलं. वेफर हलवायचीच नाही. ती एका बंद भांड्यात उभी करायची. रसायन येईल, जाईल. पाणी येईल, जाईल. भांडं सतत भरलेलं, मध्ये हवेला जागाच नाही. शेवटी वाळवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ वरून सोडायची, ती पाण्याला खाली ढकलत नेते आणि वेफरवर थेंब उरत नाही. वाफेने पाणी हटवून वाळवण्याचं एक पेटंट १९९० चं. बंद भांड्यात धुण्याची दोन पेटंटं, एक १९८८ चं आणि दुसरं १९९० चं. नाव दिलं 'फुल फ्लो'.

कल्पना ऐकायला किती सोपी! म्हणूनच ती नेमकी कुणाची, यावरून भांडण पेटलं.

१९९५ मध्ये सीएफएमने दोन कंपन्यांवर दावे लावले. एक जर्मन उद्योगसमूहातली स्टीआग, दुसरी कॅलिफोर्नियातली छोटी कंपनी यील्डअप इंटरनॅशनल. म्हणणं एकच, आमची वाळवण्याची पद्धत तुम्ही उचलली. स्टीआगविरुद्ध डेलावेअरच्या ज्युरीने डिसेंबर १९९७ मध्ये सीएफएमच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे ३१ लाख डॉलरची भरपाई ठरवली. यील्डअपविरुद्ध मात्र वाळवण्याच्या पेटंटवर सीएफएमची डाळ शिजली नाही. मग सीएफएमने धुण्याची दोन पेटंटं काढून यील्डअपवर दुसरा दावा ठोकला.

आता खरी गंमत. यील्डअपने काय केलं? 'आम्ही चोरी केली नाही' एवढ्यावर ती थांबली नाही. 'तुमचं पेटंटच फुकट आहे' असा तिने उलटा वार केला. पुरावा काय? सीएफएमचं पहिलं यंत्र.

ते पहिलं यंत्र गेलं होतं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे. मोठं गिऱ्हाईक, मोठं नाव. आणि तिथे यंत्र फसलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला जितकी स्वच्छ वेफर हवी होती तितकी ती निघेना. शोध लावणारे स्वतः तिथे महिनोन् महिने खपले, प्रयोगामागून प्रयोग केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्या दुरुस्तीवर त्यांनी पुढे वेगळं पेटंटही घेतलं.

यील्डअपचं म्हणणं असं, की ज्यांनी शोध लावला त्यांनाच ते यंत्र चालवायला इतका घाम गाळावा लागला, तर पेटंटमधलं वर्णन वाचून तिसऱ्या माणसाला ते कसं चालवता येणार? अमेरिकेच्या कायद्यात अट आहे, की पेटंटात इतकं सांगितलेलं हवं की त्या धंद्यातला जाणकार माणूस ते वाचून, अवाजवी खटपट न करता, ती वस्तू बनवू आणि वापरू शकेल. ही अट इथे पुरी होत नाही, म्हणून पेटंट रद्द करा.

डेलावेअरच्या जिल्हा न्यायालयाला ते पटलं. पेटंटं अवैध ठरवली. वर असंही म्हटलं, की पेटंट मिळवताना सीएफएमने पेटंट ऑफिसशी प्रामाणिक वर्तन ठेवलं नाही, म्हणून ती पेटंटं वापरताही येणार नाहीत. म्हणजे शोध खोटा आणि शोधकर्ते लबाड. एका दगडात दोन पक्षी.

इथे माझं पहिलं भांडण आहे, आणि ते आपल्या सगळ्यांशी आहे. कारण हा निकाल वाचून माझी पहिली प्रतिक्रिया होती, 'बरोबरच आहे की!' यंत्र चाललं नाही, मग पेटंट कसलं? आपण असाच विचार करतो. चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, पेपरच्या ऑफिसात. पहिल्या दिवशी जो पडला तो खोटा.

सीएफएम अपिलात गेली. अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकायला एक स्वतंत्र न्यायालय आहे, फेडरल सर्किट, १९८२ पासून. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला पेटंटचा दावा असो, अपील तिथेच. १२ नोव्हेंबर २००३ ला त्या न्यायालयाने निकाल दिला, न्यायमूर्ती रेडर यांनी तो लिहिला, आणि खालचे दोन्ही निष्कर्ष उलटवले. पेटंट अवैध नाही. लबाडीही सिद्ध होत नाही. प्रकरण पुढच्या सुनावणीसाठी खाली परत.

त्यामागचं कारण नीट वाचा. न्यायालय म्हणालं, की कायदा शोधकर्त्याकडून बाजारात खपेल असं परिपूर्ण यंत्र मागत नाही. पेटंटात जे वचन दिलंय तेवढं करता येईल इतकं सांगितलंय का, एवढंच बघायचं. सीएफएमने पेटंटात 'वेफर धुण्याची पद्धत' म्हटलं होतं. 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मापाने धुण्याची पद्धत' असं म्हटलं नव्हतं. वेफर अर्थपूर्ण प्रमाणात स्वच्छ होत असेल तर वचन पुरं झालं. गिऱ्हाइकाचं माप हे गिऱ्हाइकाचं आणि विकणाऱ्याचं भांडण. ते शोधाच्या खरेपणाचं माप नव्हे.

मला हा फरक कळायला त्या निकालाची तीन पारायणं करावी लागली. डिप्लोमाला आम्हाला 'प्रेस लॉ' होता, पेटंट नव्हतं. पण एकदा कळल्यावर तो डोक्यातून जात नाही. शोध वेगळा, माल वेगळा. शोधाला कायदा विचारतो, 'तू जे सांगतोस ते होतं का, आणि दुसऱ्याला करता येईल असं सांगितलंस का?' मालाला बाजार विचारतो, 'परवडतो का, टिकतो का, रोज चालतो का?' दुसऱ्या प्रश्नात नापास झालेल्याला पहिल्या प्रश्नात नापास करणं हा अन्याय आहे. आणि तो बहुतेक वेळा छोट्या माणसावर होतो. मोठ्या कंपनीचं पहिलं यंत्र तिच्या स्वतःच्या भिंतीआड फसतं, कुणाला दिसत नाही. छोट्याचं गिऱ्हाइकाच्या दारात फसतं, चारचौघांत.

आता कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, 'म्हणजे अर्धवट कल्पनेवर पेटंट घ्यायचं आणि पुढच्या सगळ्यांना अडवायचं का?' मुद्दा खरा आहे, टाळत नाही. मोठ्या कंपन्या हाच खेळ करतात. एक गोष्ट शोधायची आणि शंभर गोष्टींना कुंपण घालायचं. पण त्याचं उत्तरही कायद्यात आहे. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲमजेन विरुद्ध सॅनोफी या औषधाच्या खटल्यात एकमताने सांगितलं, की जितकं मोठं क्षेत्र मागाल तितकं जास्त शिकवावं लागेल. ॲमजेनने मूठभर प्रतिपिंडं दाखवून अख्खी जात मागितली होती, तिचे ते दावे रद्द झाले. दोन्ही निकाल शेजारी ठेवा. एकमेकांच्या विरोधात वाटतील, पण काटा एकच आहे. वचन किती आणि सांगितलं किती. सीएफएमने थोडं मागितलं आणि तेवढं सांगितलं. ॲमजेनने पुष्कळ मागितलं आणि थोडं सांगितलं.

आपल्या कायद्यातही हा काटा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १०(४) वाचा. शोध, त्याचा वापर आणि तो अमलात आणायची पद्धत पूर्णपणे सांगायची, आणि अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत लपवायची नाही. म्हणजे कागदावर आपण कमी नाही.

पण कागदाचा अर्थ ठरतो अपिलात, आणि इथे माझं दुसरं भांडण आहे.

सीएफएमला न्याय मिळाला असं मी वर लिहिलं. मिळाला, पण कधी? नोव्हेंबर २००३ ला. त्या वेळी काय शिल्लक होतं बघा. यील्डअप १९९९ मध्येच मिनेसोटाच्या एफएसआय इंटरनॅशनलने विकत घेतली होती. सीएफएम आणि स्टीआगचा चिपयंत्रांचा विभाग, जे एकमेकांना ज्युरीसमोर चोर म्हणत होते, ते दोघेही जानेवारी २००१ मध्ये एकाच कंपनीच्या पोटात गेले, मॅटसन टेक्नॉलॉजीच्या. वादी आणि प्रतिवादी एकाच छताखाली! पुढे एफएसआय २०१२ मध्ये टोकियो इलेक्ट्रॉनने घेतली आणि मॅटसन २०१६ मध्ये बीजिंगच्या गुंतवणूकदारांकडे गेली. आणि १९८८ चं ते पहिलं पेटंट? त्याची मुदत २००५ मध्ये संपणार होती. निकाल लागला तेव्हा दोन वर्षंही उरली नव्हती.

दोन हत्ती भांडले असं म्हणावं तर ते हत्तीही नव्हते. दोन बोकड भांडले आणि दोघांनाही खाटकाने नेलं. धुण्या-वाळवण्याचं ज्ञान कुणाच्या दप्तरात जमा झालं ते वरच्या परिच्छेदातल्या शेवटच्या नावांवरून ओळखा.

हे कुठे? तर पेटंटच्या अपिलांसाठी खास न्यायालय असलेल्या देशात. आता आपल्याकडे या.

आपल्याकडेही असं एक खास ठिकाण होतं. बौद्धिक संपदा अपील मंडळ, २००३ पासून, मुख्यालय चेन्नईला. योगायोग बघा, सीएफएमचा निकाल ज्या वर्षी आला त्याच वर्षी ते सुरू झालं. आपण ते कसं सांभाळलं? २०१६ च्या मे महिन्यात अध्यक्ष निवृत्त झाले, नवे आले २०१८ च्या जानेवारीत. दीड वर्षाहून जास्त काळ खुर्ची रिकामी. अपिलं मात्र येतच होती. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून मंडळच गुंडाळलं आणि कामं उच्च न्यायालयांकडे ढकलली. खुर्ची भरत नाही म्हणून ऑफिस बंद. गावच्या दवाखान्यात डॉक्टर येत नाही म्हणून दवाखान्याला कुलूप लावावं, त्यातला प्रकार.

दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी बौद्धिक संपदेसाठी वेगळा विभाग उघडला, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण आमच्या भागातल्या माणसाचा पेटंट अर्ज मुंबईच्या कार्यालयात फेटाळला गेला, तर त्याला जावं लागणार मुंबई उच्च न्यायालयात. वकील, तारखा, एसटी, लॉज. वर्कशॉप बंद ठेवून. तो जाईल?

मार्च २०२४ मध्ये धोलेऱ्याला टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली, ९१ हजार कोटींची. तंत्रज्ञान तैवानच्या पॉवरचिपचं. कारखाना उभा राहो, चांगलीच गोष्ट आहे, त्यात राज्याराज्यांतलं भांडण मला आता नको. पण तिथे वेफर धुणाऱ्या यंत्रावर पाटी कुणाची असेल? ती पाटी बदलायची असेल तर ते काम फीत कापून होत नाही. कुठल्यातरी शेडमध्ये कुणीतरी फसलेलं यंत्र दुरुस्त करत बसलेला असतो, त्याच्या पाठीशी उभं राहून ते होतं. आणि त्याच्या कागदाचा निकाल त्याच्या हयातीत लावून होतं.

आता ती माझी चूक.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तासगाव भागात बेदाण्याचा धंदा मोठा. इथल्या एका मिस्त्रींनी वाळलेला बेदाणा धुवून पुन्हा सुकवायचं यंत्र केलं होतं. स्वतःच्या डोक्याने, भंगारातला ब्लोअर वापरून, बायकोचे दागिने गहाण ठेवून. पहिली चाचणी एका व्यापाऱ्याच्या शेडवर ठेवली. शंभरेक माणसं जमली होती. मीही गेलो, कॅमेरा घेऊन. बेदाणा धुतला गेला स्वच्छ. पण देठाच्या खाचेत पाण्याचा थेंब अडकून राहत होता. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर माल चिकट. व्यापाऱ्याने माल परत केला, सगळ्यांदेखत हसला.

आणि मी बातमी दिली. हेडिंग अजून पाठ आहे, 'लाखाचं यंत्र पाण्यात'. संपादक खूश झाले. कात्रण बाजार समितीच्या फळ्यावर लागलं.

मिस्त्री दोन दिवसांनी भेटले. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पत्रकार, धुतलं का न्हाई त्यानं? थेंबाचं तेवढं राहिलं हुतं. महिना दिला असता तर काढलं असतं."

महिना कुणी दिला नाही. पेटंटचा अर्ज करायला ते एका एजंटकडे गेले, तर त्याने माझंच कात्रण पुढे टाकलं. म्हणाला, "पेपरात आलंय फेल म्हणून, कशाला पैसे घालवताय?" अर्ज झाला नाही. यंत्र भंगारात गेलं. काही वर्षांनी बाहेरून आलेलं तसंच यंत्र त्याच व्यापाऱ्याच्या शेडवर बसलेलं मी बघितलं. त्यात देठाजवळचा थेंब उडवायला खालून हवेचा झोत होता. एवढाच फरक.

फेडरल सर्किटचा तो निकाल वाचताना मला टेक्सास दिसलंच नाही. ते शेड दिसलं. शंभर माणसं दिसली आणि कॅमेरा घेतलेला मी दिसलो. त्या न्यायालयाने २००३ मध्ये जे लिहिलं ते मिस्त्रींनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. धुतलं का नाही? वचन धुण्याचं होतं. थेंब हा पुढचा प्रश्न होता. मी आणि त्या एजंटाने मिळून खालच्या कोर्टासारखा निकाल दिला, आणि मिस्त्रींना अपिलाला जागाच नव्हती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पुढाऱ्यांकडे एक, की पेटंटच्या अपिलांसाठी तांत्रिक जाणकार बसलेलं ठिकाण पुन्हा उभं करा, त्याच्या खुर्च्या भरा, आणि ते मुंबईच्या पलीकडेही पोचू द्या. व्हिडिओ सुनावणी कोरोनात जमली, आताही जमेल. माझ्या पत्रकार मित्रांकडे दुसरं, की कुणाचं यंत्र फसलं तर 'फेल' लिहिण्याआधी त्याला विचारा, काय झालं आणि काय राहिलं. त्या दोन्ही गोष्टी छापा. आणि गावाकडे तिसरं, की पहिल्या दिवशी हसू नका.

मिस्त्री आता सत्तरीला आलेत. वर्कशॉप मुलगा बघतो, ट्रॉल्या बनवतो. परवा मी त्यांना हा अमेरिकेचा खटला सांगितला, सगळा, टेक्सासपासून. शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्यास्नी किती महिनं दिलं हुतं म्हणालास?"

मी सांगितलं.

"मग काय," म्हणाले, आणि चहा सांगितला.

ही पोस्ट मी त्या हेडिंगची दुरुस्ती म्हणून लिहितोय. पेपरात छापायला उशीर झालाय, एजंटच्या टेबलावरचं कात्रण आता परत घेता येत नाही. पण तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री असेल, कुणाच्या तरी हसण्याने गप्प बसलेला, तर त्याचं काय झालं होतं आणि काय राहिलं होतं ते खाली लिहा. नाव-पत्ता नको. यंत्राचं लिहा. तळेगाव कुणी घालवलं यावरच्या कमेंट मात्र डिलीट करीन, आधीच सांगून ठेवतो.